पेढीचा पूर आणि प्रतिध्वनीचा आलेख

भातकुलीकरांनो, पेढीला पूर आला की पाणी काळ्या मातीनं कसं दाट होतं ते आपण दरसाल पाहतो. अशा पाण्याचा वेग बोटीवरून मोजणारं यंत्र म्हणजे एडीसीपी. ते पाण्यात चार तिरक्या झोतांनी आवाजाचे ठोके सोडतं. वाहत्या गाळकणांवरून परतलेल्या प्रतिध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग कळतो.

मी मात्र आधी आलेखावर प्रतिध्वनीचा जोर बघतो. चारही झोतांच्या रेषा खोलीबरोबर सावकाश, एकमेकींना धरून उतरायला हव्यात. एकच रेषा सुरुवातीपासून खाली असेल तर त्या झोताचं तोंड चिखलानं माखलंय का, ते पाहा. मधेच एकाच झोतात सुळका दिसला तर बहुधा मासा नाहीतर वाहून आलेली फांदी. शेवटचा मोठा सुळका तळाचा. झोत २० अंश कललेले असतील तर तळालगतचं ६ टक्के पाणी, म्हणजे ३ मीटर खोलीत १८ सेंटिमीटर, हिशेबात धरू नका.

आणि गाळ फार झाला तर तोच आवाज गिळतो! तळाचा सुळका दिसेनासा होतो. तेव्हा कमी वारंवारतेचं यंत्र लागतं. रेषा जिथं सपाट होते तिथून पुढं फक्त यंत्राची स्वतःची खरखर. तिथले वेगाचे आकडे मी सरळ खोडतो.