पुराची वर्दी देणारा बोलका भोंगा

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या कांठीं ज्यांच्या जमिनी आहेत, त्या आमच्या वाचकांस महापुराची ओळख करून द्यावयास नको. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांचे पूर अजून घरोघर आठवणींत आहेत. सांगली येथील आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें तेथें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तथापि तें एका क्षणांत चढलें नाहीं. पुलाजवळचा आंकडा वाढत होता आणि तो वाचलाहि जात होता. असें असतां कित्येक ठिकाणीं जनावरें दावणीला तशींच राहिलीं, कांठावरच्या मोटारी बुडाल्या, आणि माणसांस होड्यांतून बाहेर काढावें लागलें. आंकडा एका ठिकाणीं कळत होता व दावें सोडण्याचा निर्णय दुसऱ्या ठिकाणीं व्हावयाचा होता. मधला रस्ता तोंडोतोंडीं चालणाऱ्या बातमीचा होता. हा रस्ता आखूड करणारें एक साधन आज गांवास स्वतः उभारतां येतें. तें कसें बसवावें आणि विशेषतः त्याच्याकडून काय बोलवावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

दवंडीची जुनी रीत आमच्या वाचकांनीं ऐकलेली असेल. दवंडीवाला एकदम बोलावयास लागत नसे. तो प्रथम हलगी वाजवी, लोक दाराशीं येत, हलगी थांबे, मग तो चार शब्द सांगे. बोलक्या भोंग्याचें सारें तत्त्व यांतच आहे. स्वरानें माणूस जागा होतो आणि शब्दांनीं त्याला वाट कळते. नुसता भोंगा वाजला तर लोक उठून एकमेकांस “काय झालें?” म्हणून विचारूं लागतात व मोलाचा अर्धा तास त्यांतच जातो. नुसतें बोलणें झालें तर झोपलेल्याच्या कानीं तें पडत नाहीं.

या साधनाचे भाग पांच आहेत : निरनिराळे स्वर काढणारी व मेमरी कार्डावरील ध्वनिमुद्रित वाक्यें वाजविणारी एक पट्टी, आवाज वाढविणारा अँप्लिफायर, कर्णे, बॅटरी व ती भरणारें सौर पान, आणि कुलूपबंद बटणांची पेटी. पट्टीवर चिमुकल्या कळा असतात. त्या वरखालीं करून कोणत्या बटणानें कोणता स्वर व कोणतें वाक्य वाजावें हें ठरवितां येतें. कांहीं यंत्रांत हीच ठेवण संगणकावरून करतां येते. पट्टी, बॅटरी व बटणें ही सर्व मंडळी २०१९ च्या पाणखुणेहून बरीच वर असलेल्या पक्क्या जागीं बसवावी. पाणी येतांच जें यंत्र स्वतःच बुडेल, त्याचा उपयोग काय?

कर्णा किती मोठा घ्यावा, हा पहिला प्रश्न. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलनें उतरतो. ३० वॅटचा चांगला कर्णा एका मीटरवर सुमारें १२३ डेसिबल आवाज देतो असें धरलें, तर २५६ मीटरवर तो ७५ च्या आसपास उरतो. झाडें, भिंती व उलटा वारा यांनीं तो आणखी घटतो. इशारा सभोंवारच्या गलबल्याहून निदान १० डेसिबल तरी वर असला पाहिजे, आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असतां व दारें लावलेलीं असतां हा हिशेब किती तोकडा पडेल हें शेतकऱ्यास सांगावयास नको. यावर उपाय म्हणून एकाच कर्ण्याची शक्ति वाढवीत बसणें फोल आहे. कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनें वाढतो. चार लहान कर्णे चार वस्त्यांवर लावणें हेंच शहाणपणाचें होय. मात्र ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. दोन कर्ण्यांपासून तुमचें अंतर १७० मीटरनें कमीजास्त असेल तर दुसऱ्याचा शब्द अर्धा सेकंद मागून येईल व पहिल्यांत मिसळेल. म्हणून कर्ण्यांचीं तोंडें एकमेकांकडे करूं नयेत, वाक्यें आखूड ठेवावीं आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबावें.

आतां स्वरांविषयीं. नागरी संरक्षणाच्या प्रथेप्रमाणें चढउतार करणारा भोंगा हा हवाई हल्ल्याचा इशारा, आणि एकसुरी लांब भोंगा ही संकट टळल्याची खूण आहे. ७ मे २०२५ रोजीं देशांत झालेल्या सरावांत लोकांनीं हे भोंगे ऐकलेले आहेत. सबब पुरासाठीं चढउतार स्वर वापरूं नये. एका आवाजाचे दोन अर्थ झाले कीं दोन्ही अर्थ निकामी होतात. निघून जाण्याच्या इशाऱ्यासाठीं जगांत मान्य झालेली एक ठेवण आहे : अर्धा सेकंद स्वर व अर्धा सेकंद शांतता, असें तीन वेळां, मग दीड सेकंद विसावा, पुन्हां तेंच. ही ठेवण आपल्या मुख्य इशाऱ्यास लावावी. यंत्रांत सोय असल्यास ५२० हर्ट्झच्या आसपासचा खालचा, भरदार स्वर निवडावा. बारीक किंचाळणाऱ्या स्वरापेक्षां अशा स्वरानें झोपलेलीं माणसें अधिक जागीं होतात असें प्रयोगांती दिसून आलें आहे. शिवाय उतारवयांत प्रथम वरच्या पट्टीचेंच ऐकूं येणें कमी होतें. साध्या इशाऱ्यास संथ टोल द्यावे आणि संकट टळल्याची खूण म्हणून एकसुरी स्वर ठेवावा.

सर्वांत कठीण काम पुढेंच आहे, आणि तें कारागिराचें नसून गांवाचें आहे. तें म्हणजे वाक्यें ठरविणें. आमच्या मतें चार निरोप पुरेत. पहिला “सावध”, दुसरा “निघा”, तिसरा “संकट टळलें” आणि चौथा “ही चाचणी आहे”. यांपैकीं “सावध” हा खरा शेतकऱ्याचा निरोप होय. मोटार सोडवून वर आणणें, वैरण हलविणें, गाभण व दुभतीं जनावरें उंचावर नेणें, धान्य माळ्यावर चढविणें या कामांस तास लागतात. ते तास “निघा” म्हटल्यावर मिळत नाहींत. म्हणून पहिला निरोप उजेडीं व लवकर दिला पाहिजे, आणि त्यांत कामें नांवानिशीं सांगितलीं पाहिजेत : “पाणी वाढत आहे. मोटारी वर काढा. जनावरें माळावर न्या.” दुसऱ्या निरोपांत सामानाचा उल्लेखहि नको : “पूर आला. नदीकांठच्या घरांनीं आतां निघा. जनावरें सोडा. शाळेकडे या.” एवढेंच पुरें.

येथें तीन गोष्टी जपाव्या. विसर्गाचा आंकडा, क्युसेक व अनुषंगानें यांसारखे कचेरीचे शब्द कर्ण्यावर घालूं नयेत. अर्धवट झोपेंतील माणसाला त्यांतून कांहींच कळत नाहीं. ठिकाणांचीं नांवें लोक ज्या नांवानें हांक मारतात त्याच नांवानें घ्यावीं. आणि नकारार्थी वाक्य शक्य तों टाळावें. “पुलावरून जाऊं नका” यांतील शेवटचा शब्द वाऱ्यानें उडाला, तर माणूस पुलावरून जाण्याची आज्ञा ऐकतो. “पूल बंद आहे. माळाच्या रस्त्यानें या” असें म्हटलें तर यांतील एखादा शब्द गळला तरी उलटा अर्थ होत नाहीं. वाक्यें ज्याचा आवाज गांव ओळखतें अशा व्यक्तीकडून, बंद खोलींत, सावकाश बोलवून मुद्रित करावीं. मग कर्ण्यावर लावून दूरच्या वस्तीवरील एका वृद्धास काय कळलें तें विचारावें. त्याला न कळलेलें वाक्य बदलावें, मग तें कोणी कां लिहिलेलें असेना.

यंत्राची ठेवण करतांना प्रथम अग्रक्रम लावावा. “निघा” हा निरोप इतर सर्वांस थांबवून वाजला पाहिजे आणि बंद करीपर्यंत चालला पाहिजे. चाचणीस शेवटचा क्रम द्यावा. दहा सेकंद स्वर, दोन सेकंद शांतता, वाक्य दोन वेळां, पुन्हां स्वर, असा फेरा ठेवावा. मधली शांतता विसरूं नये. स्वर कानांत घुमत असतां पहिला शब्द वायां जातो. मेमरी कार्डावर वाक्यें क्रमांकानें व एकेक करून उतरवावीं, कारण पुष्कळ स्वस्त पट्ट्या नांवाच्या क्रमानें न वाजवितां उतरविल्याच्या क्रमानें वाजवितात. “निघा” दाबल्यावर “संकट टळलें” असें वाजणें म्हणजे अनर्थच. कार्डाची एक नक्कल मोहरबंद करून पेटींतच ठेवावी.

बॅटरीचा हिशेब पुराच्या दिवसांचा धरावा, कारण पाणी चढूं लागलें कीं सुरक्षिततेसाठीं वीज तोडतात व ती कित्येक दिवस येत नाहीं. ढगांमुळें सौर पानावरहि भिस्त ठेवतां येत नाहीं. यंत्र नुसतें जागें राहण्यास ०.१ अँपिअर घेत असेल, तर तीन दिवसांस ७.२ अँपिअर-तास लागतील. वाजतांना ८ अँपिअर घेत असेल, तर अर्ध्या तासास ४ लागतील. एकूण ११.२ झाले. बॅटरी जुनी होते व पूर्ण रिकामी करणें तिला मानवत नाहीं, म्हणून याची दुप्पट धरून १२ व्होल्टची २६ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. खांबास भूमिजोड व विजेपासून संरक्षण अवश्य द्यावें.

बटण कोणीं दाबावें, हें कागदावर ठरलेलें असावें. पोलीस पाटील, सरपंच व तिसरा एक राखीव मनुष्य, अशा तिघांकडे किल्ल्या द्याव्या. आणि जवळच्या कोणत्या खुणेवर पाणी आलें असतां कोणता निरोप द्यावयाचा, हें ग्रामसभेनें पूर्वींच मान्य करावें. मध्यरात्रीं वाद घालावयास जागा राहूं नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांप्रमाणें रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत लाउडस्पीकर वर्ज्य असला तरी सार्वजनिक आपत्तीचा त्यांतून अपवाद केलेला आहे. परवानगीचा कागद मात्र आधींच घेऊन ठेवावा व चाचणी दिवसां, महिन्यांतून एकदां, ठरलेल्या वेळींच घ्यावी. या कर्ण्यावरून पाणीपट्टीची सूचना, सभेचें आमंत्रण अथवा वाढदिवसाचें गाणें कधींहि लागूं देऊं नये. रोज बोलणाऱ्या भोंग्याकडे कोणी कान देत नाहीं.

मोबाइलवर सरकारी इशारे येऊं लागले आहेत व त्यांच्या चाचण्या २०२३ सालीं लोकांनीं अनुभवल्या आहेत. त्यांचा उपयोग घ्यावाच. परंतु टॉवरची वीज गेली, फोन बंद पडला किंवा फोनच नसला, तर गोठ्यांत निजलेल्या गड्यापर्यंत कोण पोंचणार? कर्ण्याचा आवाज हाक मारतांना मालक व गडी असा भेद करीत नाहीं.

खर्च वर्गणींतून निघेल, कारागीरहि मिळेल. वाक्यें मात्र ग्रामसभेनेंच बसून लिहावयाची आहेत. मृग लागण्यापूर्वीं तें काम उरकावें, आणि लिहिलेले चार निरोप मुलांकडूनहि पाठ करून घ्यावे, म्हणजे कर्णा घोगरा झाला तरी पहिल्या दोन शब्दांवरून पुढचें सर्वांस ओळखतां येईल.