अंगणातलं करंबल

आमच्या पनवेलच्या घरामागे बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद एवढीच माती आहे. कपडे वाळत घालायची दोरी, पाण्याची टाकी आणि अब्बांची खुर्ची वगळली, तर जेमतेम एका झाडापुरती जागा उरते. ती जागा सोळा वर्षांपासून करंबलाकडे आहे. उर्दूत त्याला कमरख म्हणतात, बाजारात स्टार फ्रूट. माझ्या मरहूम सासूबाईंनी, अम्मींनी, ते लावलं.

झाड देखणं आहे. फांद्यांना जांभळट गुलाबी फुलांचे झुबके लागतात, रात्री पानं मिटतात. पिवळं झालेलं फळ आडवं कापलं की ताटलीत पाच टोकांची चांदणी पडते. पाहुणे आले की मुलं आधी तीच चांदणी दाखवतात. अब्बा रोज असरच्या नमाजनंतर खुर्चीत बसून मीठ लावलेल्या दोन फोडी खायचे.

मागच्या वर्षी अब्बांचं क्रिएटिनिन वाढलं. मधुमेह जुना, आता किडनीही थकलेली. डॉक्टरांनी पथ्याची यादी दिली. तीत केळं होतं, नारळपाणी होतं. करंबल नव्हतं, कारण आम्ही ते सांगितलंच नव्हतं. पुढच्या खेपेला सहज विचारलं, तर डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "एक फोडसुद्धा नाही. रसही नाही."

मी शिक्षिका. कारण समजल्याशिवाय माझं समाधान होत नाही. वाचलं तेव्हा कळलं, की या फळात ऑक्झॅलेट भरपूर असतं. शिवाय त्यात मेंदूवर परिणाम करणारं एक द्रव्य असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी 2013 मध्ये ते ओळखून त्याला कॅरम्बॉक्सिन हे नाव दिलं. निरोगी किडनी ते शरीराबाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही, आणि ते रक्तात साठत जातं. आधी न थांबणारी उचकी लागते, मग उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, झटके. वेळेत डायलिसिस झालं नाही तर जीवही जातो. निरोगी माणसाने एखादं फळ खाल्लं तर घाबरायचं कारण नाही. मात्र उपाशीपोटी ग्लास ग्लास रस पिऊन धडधाकट माणसांच्या किडन्याही बिघडल्याची उदाहरणं आहेत.

वाचताना आणखी एक गंमत सापडली. या झाडाचं शास्त्रीय नाव अ‍ॅव्हेरोआ कॅरम्बोला. 'कॅरम्बोला' हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्याच 'करंबल'वरून घेतला, असं शब्दकोश सांगतात. आणि 'अ‍ॅव्हेरोआ' म्हणजे आपले इब्ने रुश्द! कुर्तुबाचे हे हकीम, काझी आणि तत्त्वज्ञ (1126 ते 1198) युरोपात अ‍ॅव्हेरोज नावाने ओळखले जात. लिनिअसने त्यांचं नाव या झाडाच्या कुळाला दिलं. काझीचं नाव लावणाऱ्या झाडाचा निवाडा माझ्याकडे आला होता.

मी कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे सावली, फुलं, पोपट, लोणचं आणि अम्मींची आठवण. दुसरीकडे खाली सडणारी फळं, चिलटं, अडलेलं ऊन आणि अब्बा. पहिला रकाना लांब होता. पण रकान्याच्या लांबीवर निकाल लागत नसतो.

माझे पती म्हणाले, "अब्बांना सांगू, खाऊ नका. झाड कशाला तोडायचं?" बरोबर होतं. पण अब्बा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, अलीकडे विसरतात. औषध घेतलं का, हे दोनदा विचारतात. एका दुपारी त्यांच्या हातात अर्धं फळ दिसलं. मी ते काढून घेतलं, तर लहान मुलासारखे ओशाळले.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. फळं लागली की आम्ही पिशव्या भरून वाटायचो. आपण लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं तरी तो सदका ठरतो, ही शिकवण अम्मींच्या तोंडी नेहमी असायची. पण गल्लीत मधुमेहाचे किती रुग्ण आहेत! मधुमेहाने किडनी हळूहळू बिघडते आणि पुष्कळांना ते उशिरा कळतं. आंबट फळ साखरेला चांगलं, अशा समजुतीने तेच लोक हे हौसेने मागून नेतात. आता पिशवी देताना मी विचारते, घरात कुणाला किडनीचा त्रास आहे का? उत्तर बहुधा एकच येतं, "तपासलं नाही कधी." मग पिशवी माझ्याच हातात राहते.

शेवटी निवाडा अब्बांनीच दिला. म्हणाले, "तिने हे झाड घराला सुख मिळावं म्हणून लावलं. तिची नियत राखा, झाड गेलं तरी चालेल." त्या जागी मोगरा लावा, असंही त्यांनीच सुचवलं.

शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. राज्याचा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा पनवेल महापालिकेच्या हद्दीतही लागू आहे. आम्ही अर्ज दिला आहे. बदल्यात दुसरी झाडं लावायची तयारीही आहे.

माझ्या भगिनींना एवढंच सांगेन. अंगणात करंबल असेल तर लगेच कुऱ्हाड शोधू नका. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांची क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना पथ्य विचारताना अंगणातल्या झाडाचं नावही सांगा. त्याच कुळातल्या बिंबलीतही ऑक्झॅलेट खूप असतं, तिचंही सांगा. छोट्या अंगणात कुणाला जागा द्यायची, हे घरातल्या सर्वांत नाजूक माणसाकडे बघून ठरवावं.

परवानगी यायची आहे. झाडाला ते ठाऊक नाही; ते पुन्हा फुललं आहे. फजरच्या नमाजनंतर, अब्बा तसबीह घेऊन बाहेर यायच्या आत, मी रात्री पडलेली फळं वेचून टोपलीत भरते.