चौकट : शिक्षकांनीच चालवलेली संस्था

● सुरुवात : विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर वर्षभरात येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

● आजीव सदस्य : वर्गात शिकवणारेच संस्थेचा कारभार पाहत. उमेदीची वर्षे संस्थेला देण्याचे वचन आणि दरमहा ७५ रुपयांच्या आसपास पगार, ही अट सर्वांनी स्वखुशीने पत्करली होती. त्यांच्यापैकी गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत शिकवत राहिले.

● वादाचा मुद्दा : सदस्यांनी बाहेरची कामे घ्यावीत का? सगळा वेळ संस्थेचाच, हे टिळकांचे म्हणणे. त्यावर एकमत होईना, तेव्हा त्यांनी १८९० मध्ये राजीनामा दिला.

● पुढचा दुवा : टिळक गेल्याने फर्ग्युसन कॉलेजात रिकामी झालेली गणिताची जागा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी घेतली. पुढे दिवसा कॉलेजात शिकवून संध्याकाळी ते विधवांसाठी काढलेल्या आपल्या हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी निघत.

● आजसाठी : मूल्यांची पाटी भिंतीवर लावणे सोपे असते. पगार, वेळ आणि अधिकार यांचे नियम सर्वांना सारखे असले आणि मतभेद उघडपणे मांडता आले, तरच शिक्षकांना शाळा आपली वाटते. शिक्षणसमूह चालवणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.