लाटांवरचा सण

सण भूमीचा की मनाचा, असा प्रश्न कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही अनेकदा मांडतो. दारी तुळस आहे, शेजार आहे, देवळातील घंटा कानी येते, तोवर हा प्रश्न कुणास सुचत नाही. पण पायांखालची भूमीच सुटली आणि चहूकडे खारे पाणी उरले, तर सण मांडावा कोठे? अशा वेळी आम्हांस आयर्लंडचे स्मरण होते.

१७ मार्च हा तेथील संत पॅट्रिक यांचा पुण्यदिन. पाचव्या शतकातील हे संत मूळचे ब्रिटनचे. वयाच्या सुमारे सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्यांना पळवून आयर्लंडात दास केले. सहा वर्षे त्यांनी गुरे राखली. थंडीपावसात दिवसाकाठी शंभर प्रार्थना केल्याचे त्यांनीच आपल्या लॅटिन आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. ‘तुझी नौका सज्ज आहे’ अशी स्वप्नवाणी ऐकून ते सुमारे दोनशे मैल चालत किनाऱ्यास लागले आणि सुटले. पुढे स्वप्नातच आयरिश जनांची हाक आली; तेव्हा ज्या भूमीने दास केले, तिच्याच सेवेसाठी हा महात्मा पुन्हा समुद्र ओलांडून गेला!

या दिवशी आयरिश माणूस शॅमरॉकची त्रिदळे छातीशी लावतो. एका देठावरील तीन पाने दाखवून संतांनी ईश्वराचे त्रिविध ऐक्य समजाविले, अशी लोककथा आहे. शिवास बेल वाहणाऱ्या आपल्या घरांना यातील भाव वेगळा सांगावयास नको.

१८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून त्या देशात महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे दगावली. दहा लाखांहून अधिक जहाजांत बसली. १८४७ मध्ये कॅनडातील ग्रोस ईल बेटावर पाच हजारांहून अधिक प्रवाशांना मूठमाती द्यावी लागली. शिडाच्या जहाजाने ऑस्ट्रेलिया गाठावयास तर तीन-चार महिने लागत. वाटेत १७ मार्च उगवला, तर ना हिरवे रान, ना गावचे प्रार्थनामंदिर. हिरव्या फितीचा तुकडा, जपमाळ, फिडलचे सूर आणि शेजारी आपल्याच बोलीचा माणूस, एवढ्याच सामग्रीवर सण उभा करावयाचा. ज्यांचे घर, शेत, आप्त सारे मागे राहिले, त्यांच्यापाशी हाच एक दिवस आपला म्हणून उरे.

वाचकहो, या तिथीचा एक धागा आपल्याही अंगणात पोहोचतो. आयर्लंडातील डंगॅनन येथे १८६७ मध्ये जन्मलेल्या मार्गारेट नोबल समुद्र ओलांडून २८ जानेवारी १८९८ रोजी कलकत्त्यास उतरल्या. त्याच वर्षी १७ मार्चला, संत पॅट्रिक यांच्याच दिवशी, त्यांना शारदामातेचे प्रथम दर्शन घडले. मातेने त्यांना ‘खुकी’, म्हणजे छोटी मुलगी, म्हणून जवळ केले. आठच दिवसांनी स्वामी विवेकानंदांनी त्यांना दीक्षा देऊन ‘निवेदिता’ हे नाव दिले.

परक्या भूमीला आपली मानून तिच्यासाठी झिजणे, हेच त्या संतांचे आणि भगिनी निवेदितांचे व्रत. असे व्रत ज्याच्या अंतरी आहे, त्याचा सण लाटांवरही बुडत नाही. ते नसेल, तर दारचे तोरणही केवळ वाळलेला पाला होय.