सायकलीच्या साखळीचे वंगण

जुन्या घडणीच्या काळ्या, भारदस्त सायकलीच्या साखळीवर पत्र्याचे झाकण असते. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथील सनबीमच्या कारखान्याने तर एके काळी या झाकणातच तेलाचा लहानसा साठा ठेवून साखळी सदैव तेलात न्हात राहील अशी योजना केली होती. अशा सायकलीच्या धन्याला वंगणाची चिंता वाहावी लागत नसे. परंतु लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठी जी हलकी, अनेक गिअरांची सायकल आज शहरोशहरी दिसते, जिला आपण रोड बाइक म्हणतो, तिची साखळी उघडीच असते. गिअर बदलताना ती एका चकतीवरून दुसरीवर सरकत असल्याने तिला बंदिस्त झाकण घालणे सोयीचे नाही. साहजिकच रस्त्यावरची सारी धूळ व चिखल ती अंगावर घेते, आणि दुकानात दहा प्रकारच्या बाटल्या समोर मांडल्या गेल्या म्हणजे यांतली कोणती घ्यावी, असा पेच सायकलस्वारापुढे उभा राहतो.

या पेचाचे उत्तर बाटलीवरील मजकुरात शोधण्यापूर्वी साखळी झिजते कशी, ते पाहणे इष्ट होईल. मूळचे स्वित्झर्लंडचे आणि मँचेस्टर परिसरात स्थायिक झालेले हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली रोलर-साखळीचे पेटंट घेतले. तिचे तत्त्व आजही तेच आहे. दर अर्ध्या इंचावर एक पिन, पिनेभोवती फिरणारा रोलर आणि दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्या. चक्रावर चढताना व उतरताना प्रत्येक कडी पिनेभोवती किंचित वळते. पुढचे चक्र, मागची चकती आणि गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतील दोन लहान चाके मिळून एका फेरीत कडीला आठ वेळा वळावे लागते. पुढच्या चक्राला 50 दाते असून स्वार मिनिटाला 80 वेळा पेडल फिरवीत असेल, तर 114 कड्यांच्या साखळीतील प्रत्येक कडी तासाभरात सोळा हजारांहून अधिक वेळा वळते. झीज होते ती या वळणाच्या जागी, म्हणजे पिन आणि तिच्याभोवतीचे पोलाद यांच्यामध्ये, जिथे आपली नजर पोहोचत नाही. ‘साखळी ताणली गेली’ असे आपण म्हणतो खरे, पण पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. शंभराहून अधिक सांधे थोडेथोडे सैल झालेले असतात.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. वंगण पातळ होऊन सांध्याच्या आत शिरले पाहिजे. बाहेरून चोपडलेल्या तेलाचा उपयोग गंज टाळण्यापुरताच. दुसरे असे की, बाहेर राहिलेले तेल धूळ धरून ठेवते, आणि तेल व वाळूचे कण यांचे मिश्रण म्हणजे पोलाद घासण्याचा लेपच होय. आपल्याकडे अनेक साखळ्या कोरड्या राहून नव्हे, तर अतितेलाने मरतात, असे म्हटल्यास ते फारसे चूक ठरू नये.

अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीच्या कार्यक्षमतेची मोजमापे केली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पेडलाला दिलेल्या शक्तीपैकी परिस्थितीनुसार 81 ते 98.6 टक्के शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचते. हा फरक मुख्यतः चकत्यांचा आकार आणि साखळीवरील ताण यांमुळे पडत होता. प्रयोगशाळेतील स्वच्छ साखळीवर वंगणाचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही! पुढील काळात झालेल्या चाचण्यांत निरनिराळ्या वंगणांमध्ये काही वॅटचा फरक आढळला आहे, आणि शर्यतीतील स्वाराला तो मोलाचा वाटेल. परंतु प्रयोगशाळेत धूळ नव्हती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. सामान्य स्वाराने वंगण निवडायचे ते वेगासाठी नव्हे, तर आपल्या रस्त्यावरच्या धुळीपासून व पाण्यापासून साखळी वाचवण्यासाठी.

म्हणूनच मारवाडातील वाळूत, विदर्भातील वैशाखात आणि कोकणातील आषाढात एकच बाटली सारखीच उपयोगी पडेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. बाजारात ‘वेट’ म्हणून विकले जाणारे तेल दाट व चिवट असते. ते पावसाने सहजी धुऊन जात नाही, पण धूळ मात्र आनंदाने गोळा करते. ‘ड्राय’ प्रकारात वंगण उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेले असते. द्रव उडाल्यावर आत पातळ, कोरडा थर उरतो. तो स्वच्छ राहतो, पण एका जोरदार सरीत नाहीसा होतो. पावसाळ्यात पहिला व उरलेल्या आठ महिन्यांत दुसरा, एवढा विवेक बहुतेकांना पुरेसा आहे.

तिसरा मार्ग मेणाचा. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्या व थोडे कष्ट घेण्याची तयारी असणाऱ्या स्वाराने तो अवश्य अनुसरावा, असे माझे मत आहे. शुद्ध पॅराफिन मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. ते कधीही थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात ते वितळवावे. साखळी मात्र आधी पूर्ण निर्तेल झालेली असली पाहिजे. नव्या साखळीवरील कारखान्याचे ग्रीसदेखील टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने, विस्तवापासून दूर व मोकळ्या हवेत, काढून टाकावे लागते. मग वितळलेल्या मेणात साखळी हलवीत राहावे. बुडबुडे येणे थांबले, म्हणजे आतील हवा जाऊन तिची जागा मेणाने घेतली असे समजावे. थंड झालेली साखळी काठीसारखी ताठ होते. प्रत्येक कडी हाताने वाकवून मोकळी करावी. कोरड्या रस्त्यावर ही मात्रा अडीचशे-तीनशे किलोमीटर पुरते आणि हातही काळे होत नाहीत. साखळी काढण्या-घालण्याचा जो जोड-दुवा असतो, तो काही कंपन्या एकदाच वापरण्यासाठी बनवतात, हे मात्र आधी पाहून घ्यावे.

घरात जे हाताशी असेल ते साखळीला घालण्याची आपली सवय जुनी आहे. त्यात खोबरेल तेल थंडीत गोठते, आणि इतर बरीच खाद्यतेले हवेत उघडी राहून चिकट होतात. मोटारीतून काढलेल्या काळ्या तेलात काजळी व धातूचे कण असल्याने ते फुकट मिळाले तरी महागच पडते. शिवणयंत्राचे तेल स्वच्छ असते, परंतु इतके पातळ की लवकरच निघून जाते. अडचणीच्या वेळी ते वापरावे, एवढेच.

बाटली कोणतीही असो, तेल घालण्याची रीत एकच आहे. साखळी प्रथम फडक्याने पुसावी. मग पेडल उलटे फिरवीत खालच्या पदराच्या आतील बाजूस प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा. शक्य तर हे काम रात्री उरकावे, म्हणजे तेलाला आत झिरपण्यास सवड मिळते. सकाळी बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने इतके पुसावे की बोटाला जेमतेम ओशट लागेल. चाकाची कड किंवा ब्रेकची चकती यांवर एकही थेंब उडता कामा नये, कारण तेथील तेल जिवावर बेतू शकते.

200 किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा 600 किलोमीटर चाळीस तासांत पुरे करण्याच्या ‘ब्रेव्हे’ प्रवासाला निघणाऱ्यांनी खिशात छोटी बाटली व फडक्याचा तुकडा बाळगावा. इतक्या अंतरात घाटाच्या एका बाजूस धूळ व दुसऱ्या बाजूस पाऊस भेटणे नवलाचे नाही. भिजलेली साखळी मुक्कामी पोहोचताच पुसून तिला तेल द्यावे. सकाळपर्यंत थांबल्यास तांबूस गंज दिसू लागतो, समुद्रकिनारी तर विशेषच.

महिन्यातून एकदा पट्टी घेऊन 24 कड्या मोजाव्यात. नव्या साखळीत एका पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर नेमके 12 इंच भरते. ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले असेल, तर अकरा-बारा चकत्यांच्या सायकलीची साखळी तत्काळ बदलावी. जुन्या धर्तीच्या आठ-नऊ चकत्यांच्या सायकलीला त्याहून किंचित अधिक वाढ चालते. आळस केल्यास सैल साखळी मागच्या चकत्यांचे दाते खाते. मग नवी साखळी त्या झिजलेल्या दात्यांवरून घसरू लागते आणि चकत्यांचा सारा संचच बदलावा लागतो. त्याची किंमत साखळीच्या कितीतरी पट असते.