सरकारी संकेतस्थळ कसें असावें ?

दुकानदाराचा माल पसंत पडला नाहीं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जातें. सरकारची गोष्ट तशी नाहीं. सात-बाराचा उतारा किंवा उत्पन्नाचा दाखला देणारें दुसरें सरकार गांवांत नसतें. म्हणून सरकारी संकेतस्थळ दुर्बोध निघालें म्हणजे नागरिकापुढें दोनच मार्ग उरतात : हक्क सोडून द्यावा, किंवा मध्यस्थास पैसे देऊन त्याच्या हातून अर्ज भरून घ्यावा. कचेरीबाहेरचा दलाल हटावा म्हणून जें दार बांधलें, त्याच्याच उंबरठ्यावर नवा दलाल येऊन बसतो.

हा दोष बहुधा यंत्रांतला नसून मांडणी करणाराच्या दृष्टींतला असतो. कचेरी आपलें संकेतस्थळ खात्यांच्या रचनेप्रमाणें उभारते. नागरिक मात्र आपली अडचण घेऊन येतो. महाराष्ट्रांतील महाभूलेखाचें उदाहरण घ्या. तेथें सात-बारा पाहावयाचा तर कित्येक वर्षें प्रथम सहा महसुली विभागांपैकीं एक निवडावा लागे. सोलापूरच्या शेतकऱ्यास आपला तालुका, गांव व गट क्रमांक पाठ असतो. परंतु आपली जमीन 'पुणें' या नांवाखालीं शोधावयाची हें त्यानें कसें ओळखावें? तथापि न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, ज्या कागदासाठीं पूर्वीं तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत तो आतां घरीं पाहावयास मिळतो, हा लाभ लहान नव्हे.

ब्रिटनमध्येंही निरनिराळ्या खात्यांच्या शेंकडों संकेतस्थळांचा असाच गोंधळ होता. २०१० सालीं मार्था लेन फॉक्स यांनीं सरकारला त्याविषयीं अहवाल दिला, २०११ सालीं या कामासाठीं स्वतंत्र शाखा स्थापन झाली, व १७ ऑक्टोबर २०१२ रोजीं 'गव्ह डॉट यूके' हें सामाईक संकेतस्थळ खुलें झालें. या शाखेचा पहिला नियम असा कीं, आरंभ नागरिकाच्या गरजेपासून करावा. सार्वजनिक सुट्ट्यांचें पान उघडा; पुढली सुट्टी केव्हां, तें अगदीं माथ्यावर ठळक अक्षरांत दिसेल. मंत्र्यांचें छायाचित्र तेथें नाहीं. (आमच्याकडे त्यावांचून पान ओकेंबोकें वाटतें, ही गोष्ट निराळी.) जन्मतारखेसाठीं दिवस, महिना व वर्ष लिहावयास तीन साध्या चौकटी आहेत; ऐशीं वर्षांच्या वृद्धानें यादींतून आपलें जन्मवर्ष हुडकीत बसावें आणि बोट घसरतांच पुनः आरंभ करावा, असा प्रसंग येत नाहीं.

अशा युक्त्या सुचतात कशा ? सामान्य माणसांस पानापुढें बसवून, त्यांस कांहींएक न शिकवितां, तीं कोठें अडतात तें मुकाट्यानें पाहिल्यानें. माणूस चुकला तर दोष पानाचा मानावयाचा, माणसाचा नव्हे. अंध मनुष्यही या परीक्षेंत हवा. त्याचें यंत्र पडद्यावरील अक्षरें वाचून दाखवितें. परंतु सरकारी सूचना कागदाचें नुसतें चित्र काढून चिकटविली असेल, तर त्यास कांहींच ऐकूं येत नाहीं.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळजण घरांतील वडील माणसांचे अर्ज भरून देतात. पुढच्या खेपेस कळफलक त्यांच्याच हातीं देऊन शेजारीं गप्प बसून पाहा, आणि तीं जेथें थांबलीं तें त्या संकेतस्थळाच्या अभिप्रायाच्या चौकटींत लिहून धाडा.