बर्लिंग्टन हाऊस : मालक बदलले, वापर बदलला

इमारत केवळ भक्कम बांधकामामुळे टिकत नाही; तिला नवा उपयोगही मिळावा लागतो. लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावरचे बर्लिंग्टन हाऊस हे याचे उदाहरण. १६६७ मध्ये पहिल्या अर्ल ऑफ बर्लिंग्टनने हे घर विकत घेतले. पुढे ते वारसाहक्काने डेव्हनशायरच्या ड्यूकांकडे गेले. १८५४ मध्ये सरकारने ते १,४०,००० पौंडांना खरेदी केले. घर पाडून तेथे लंडन विद्यापीठ उभारण्याचा बेत होता. विरोध झाल्याने तो बारगळला आणि वैज्ञानिक संस्थांना तेथे जागा मिळाली. १ जुलै १८५८ रोजी डार्विन व वॉलेस यांचे उत्क्रांतीविषयक लेखन लिनियन सोसायटीच्या सभेत याच घरात वाचले गेले. नंतर रॉयल अकॅडमी आली आणि तिच्यासाठी वर एक मजला चढवला गेला. म्हणून इमारत पाडण्यापूर्वी अभियंत्याने आधी विचारावे : हिचा आणखी काय उपयोग होईल?